एकशे पंच्याऐंशीचं माप

छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसतं कपाळ दाखवता. म्हणून शेवटी पाकीट आणलं. क्रांती चौकात तीन दुकानं फिरले. तिसरा म्हणाला, "दीदी, अब खत कौन लिखता है?" म्हटलं, माझे मामा लिहितात. सव्वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी उभं राहून कान गेले त्यांचे, हात नाही गेले.

कामाचं सांगते. तुमचे सर्जेरावसाहेब गेल्या डिसेंबरात गेले. आता कारखाना त्यांची मुलगी तनुजाताई बघते. पहिल्या पुण्यतिथीला तिला पुस्तक काढायचंय आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. नाव ठरलंय, 'दूरदृष्टीचा कारागीर : एका संशोधकाच्या आयुष्यातून नेतृत्वाचे बारा धडे'. हसू नका. असली पुस्तकं खपतात.

अकरा धडे जमले. साहेब कामगारांच्या माठातलंच पाणी प्यायचे, तो धडा तिसरा. २००१ साली प्रेसमध्ये करंगळी तुटली तरी चौथ्या दिवशी शॉप फ्लोअरवर हजर, तो धडा सहावा. अडलाय तो पहिलाच, अद्रक धुण्याच्या यंत्राचा. ज्याच्यावर सगळा कारखाना उभा राहिला ते यंत्र.

मामा, त्या ड्रमच्या आत ज्या पट्ट्या आहेत त्यांच्यातलं अंतर आहे एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर. एकशे ऐंशी नाही, दोनशे नाही. कारखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरात '१८५' लिहिलंय आणि खाली लिहिलंय, 'शंभर प्रयोगांचं फळ'. मी त्या शंभरातल्या एका प्रयोगाचा कागद मागितला. एकही निघाला नाही. मला हे पटत नाही. पहिलं यंत्र तुम्हीच जोडलंत ना? मग हा आकडा आला कुठून?

मामीला विचारलंय म्हणून सांगा. राजूदादा कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिसला होता. घाईत होता.

तुमची भाची,
मेघा

---

फुलंब्री
ता. ९ ऑगस्ट

चि. मेघास आशीर्वाद आन जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. आधी मला हे सांग, तुला हे काम आपणहून मिळालं का तनुजाबाईनं हुडकून दिलं? शहरात लिहिणारे काय कमी हायत? मग नेमकी कडुबाचीच भाची कशी सापडली? गेल्या महिन्यात तिनं राजूच्या हाती माझ्याकडं एक कागद धाडलता सहीला. 'माझा फोटो पुस्तकात छापायला माझी हरकत नाय' असं त्यात लिवलंय. मी सही नाय केली. फोटोच्या नावाखाली अंगठा कशावर घेतील त्याचा नेम नाय.

साहेब चांगला माणूस व्हता. ते लिही. जेवणाच्या सुट्टीत आमच्या रांगेत फतकल मारून बसायचा आन मिरची-भाकर मागून खायचा. कुणाचं काय अडलं, कुणाला काय सुचलं, समद्यायला इचारायचा. तसा मालक दुसरा बघितला नाय. यंत्राच्या कामापायी कामगार दिनाला माझा सत्कार केला, शाल दिली अंगावर. तुझ्या मामीनं ती शाल त्याच हिवाळ्यात शेळीच्या अंगावर घातली. बायकायला किंमत नसती.

शंभर प्रयोगाचं इचारलंस. आता साहेबानं केले म्हनल्यावर केले असतील. पहिल्या भाषणात धा म्हनला व्हता. मग दर भाषणाला धा-धा वाढत गेले. तू शंभरच लिही, उगं कशाला खोलात जाती.

आन एक. पत्र पोस्टानंच टाक. राजूच्या हाती देऊ नको. तो रोज फुलंब्रीवरून जातो-येतो, पण पोटाला त्यांचं खातो. कुणाचा माणूस कधी व्हईल सांगता येत नाय, मग तो पोटचा का असंना.

मामी बरी हाय. बोटं दुखतेत तिची.

तुझा मामा,
कडुबा

---

छत्रपती संभाजीनगर
१७ ऑगस्ट

प्रिय मामा,
जयभीम.

काय हो तुम्ही! स्वतःच्या पोरावर संशय, भाचीवर संशय, फोटोवरसुद्धा संशय. मला तनुजाताईनं हुडकून नाही काढलं. मी तिच्या चुलतभावाचं कॉलेजचं पुस्तक लिहिलं होतं, तिथून ओळख. तुमचं-माझं नातं तिला आत्ता कळलं.

पण तुमचा संशय मलाही लागला, हे कबूल करते. परवा कारखान्यात जुन्या नकाशांचं कपाट उघडून मागितलं. तनुजाताई स्वतः किल्ली घेऊन आली आणि म्हणाली, "मीपण आठ महिने शोधतेय. आबांच्या शंभर प्रयोगांचा एक चिटोरा मला सापडला तर शपथ." हे ती खरं बोलत होती की मी काय शोधतेय ते बघायला उभी होती, मला कळलं नाही. पूर्ण वेळ माझ्या पाठीमागे होती.

तळाच्या कप्प्यात वहीचं एक पान मिळालं. पेन्सिलनं काढलेलं आडवं पिंप, आत पट्ट्या, बाजूला लिहिलेलं : 'पट्टी ते पट्टी एक वीत. पट्टीची उंची दोन बोटं. उतार चार बोटं.' तारीख मार्च १९९७. आणि मामा, ते अक्षर तुमचं आहे. तुमचा 'ट' मी लाखात ओळखेन. लहानपणी पाढे तुम्हीच लिहून दिलेत.

मिलिमीटर नाहीत, शंभर प्रयोग नाहीत. एका माणसानं हातानं मोजून यंत्र काढलं, आणि कागदावर अक्षर माझ्या मामाचं. मग भिंतीवर नाव साहेबांचं कसं? तुमच्याकडून काढून घेतलं ना त्यांनी? एक शाल अंगावर टाकून?

घाबरू नका. मला खरं सांगा. पुस्तक नोव्हेंबरअखेर छापायला जाईल. त्याआधी पहिल्या धड्यात तुमचं नाव आलं पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्यावर थू.

मेघा

---

फुलंब्री
ता. २४ ऑगस्ट

चि. मेघास जयभीम.

तुझं पाकीट कुणीतरी उघडलंय. डिंकाच्या जागी खळ दिसली मला. मी पत्र्याचं काम केलेला माणूस, सांधा एकदा मारलेला हाय का दोनदा, नजरंला कळतं. घरात पत्राला हात लावणारी आम्ही तिघंच. मी स्वतः माझं पत्र कशाला उघडू? तुझ्या मामीचं शिक्षण चौथी, तेबी कवाचंच इसरली, तिला काय करायचं? राह्यला राजू. तुला सांगितलं नव्हतं का? हितून पुढं पाकिटाच्या तोंडावर पेनानं आडवी रेघ मार. उघडलं तर रेघ जुळत नाय.

आता त्या कागदाचं. अक्षर माझं हाय, ना नाय म्हनत. साहेब सांगायचा, मी लिवायचो. फोरमन लिवणारच. वीत साहेबाची. त्याची करंगळी तुटकी व्हती, म्हून वीत आखूड भरली. झालं तुझं एकशे पंच्याऐंशी. सुतासारखं सरळ हाय, त्यात गुंतवळ करू नको.

माझ्याकडून कुणी काय काढून घेतलं नाय. नाव-बिव मला नको. राजूची नोकरी तिथं हाय. त्याची पोरगी शहरातल्या शाळंत जाती. आंब्याच्या झाडाला दगड मारायला तुझं काय जातं, खाली आम्ही उभे हाओत.

हे पुन्यांदा इचारू नको.

कडुबा

---

छत्रपती संभाजीनगर
६ सप्टेंबर

प्रिय मामा,

पाकिटावर रेघ मारली आहे. बघा जुळते का.

तुम्ही विचारू नको म्हणालात, मी विचारणार. कारण तुम्ही मला खोटं सांगितलंत, आणि तेही कच्चं.

साहेबांची करंगळी २००१ साली तुटली. माझ्या सहाव्या धड्यात तारखेसकट आहे आणि तुम्हाला तो प्रसंग पाठ आहे. कागद १९९७ चा. त्या वर्षीच्या कृषी प्रदर्शनातला फोटो माझ्यासमोर आहे, साहेब पिंपावर हात ठेवून उभे आहेत. पाच बोटं धडधाकट. हातही केवढा, फावड्याएवढा.

मग म्हटलं, मामाच लाजतोय, वीत त्याचीच असणार. माझ्या खोलीत तुम्ही केलेलं पुस्तकांचं फडताळ आहे. आठवतं? टेप न लावता केलंत आणि वर ऐट केली होती, "माझी वीत म्हंजे नऊ इंच, टेप खोटा ठरंल." चार वितींची फळी. मी काल मोजली. बरोबर छत्तीस इंच. मामा, एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर म्हणजे सव्वासात इंच. तुमच्या विती एवढ्या आखूड नाहीत.

वीत साहेबांची नाही आणि तुमचीही नाही. मग कुणाची?

मला आता तुमचाच संशय यायला लागलाय. तुम्ही तिसऱ्याच कुणाला तरी झाकताय. की त्याचं तुम्ही दोघांनी मिळून घेतलंत?

मेघा

---

छत्रपती संभाजीनगर
२८ सप्टेंबर

मामा,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. राजूदादाला विचारलं तर म्हणाला, "बाबा बरे आहेत, रोज ओट्यावर बसून आढ्याकडं बघतात." मी त्याला सरळ विचारलं, माझी पत्रं तू उघडतोस का? तो इतका चिडला की स्टोअरमधले लोक वळून बघायला लागले. म्हणाला, "मला तुमच्या पत्रांत काय इंटरेस्ट आहे? एकमेकांना व्हॉट्सॅप करा ना!" मला वाटतं, तो नाही.

मी परस्पर शोध घेतला. तुमच्या वेळचे पुंडलिक वेल्डर, बुटके, हात लहान. मनाशी धरलं, हेच. ते आता दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकतात. गेले. यंत्राचं नाव काढलं, हात पुढे करा म्हटलं. त्यांनी टोपलीच्या काठावर वीत ताणून दाखवली. साडेआठ इंच. मग खो खो हसले. म्हणाले, "पोरी, आम्ही सगळे प्रेसवाले. आमच्यात अद्रक कधी कुणी धुतलंय? कडुबाला विचार, त्याच्या घरात अद्रक कोण धुत होतं." आणि मला दोन सीताफळं फुकट दिली.

येताना बसमध्ये मी ती हातात धरून बसले होते. माझ्या लहानपणी सुट्टीत फुलंब्रीला आले की मामी मला कुशीत घ्यायची, पण हात लावायची नाही. म्हणायची, "अद्रकाचे हात हायत, तुला चुरचुरंल."

आता तुम्हीच सांगा. ते नाव मी लिहिणार नाही.

मेघा

---

फुलंब्री, पोस्ट हाफिस
ता. १२ ऑक्टोबर

मेघा,

हे पत्र पोस्टातच बाकड्यावर बसून लिवतोय. डिंक बी पोस्टाचा. तुझी रेघ दोन्ही वेळी जुळली नाय.

दसऱ्याला विहारात गेलतो. दरसालासारखं पंचशील म्हनलो. 'अदिन्नादाना' म्हंजे न दिलेलं घेणार नाय, तिथं आलो आन आवाज निघंना. बाजूचा धम्मपाल म्हनला, काका पाणी आणू का? घरी आलो. तवापासून लिवीन लिवीन म्हनतोय.

यंत्र केसरचं हाय.

सत्त्याण्णव साल. मी कारखान्यात आन ती बागायतदाराच्या रानात अद्रक धुवायला. दिसभर हौदात हात. अद्रकाची आग तुला ठावं नाय, बोटाच्या पेरात चिरा पडायच्या, भाकर थापताना मीठ लागलं की डोळ्यातून पाणी. एका रविवारी तिला बोलवाया रानात गेलो तर बाकीच्या बाया हातानं चोळत हायत आन ही हौदाच्या काठाला उभी राहून एक भोकं पाडलेलं तेलाचं पिंप पायानं गरागरा फिरवती. आत बांबूच्या कामट्या ठोकल्यात. मी म्हनलो, हे काय येड? ती म्हनली, "माणसानं कशाला घासायचं? अद्रकाला अद्रकच घासू द्यायचं." चार बायांचं अर्ध्या दिसाचं काम तिनं माझ्या डोळ्यादेखत केलं. अद्रकाची एक कुडी बी मोडली नाय.

घरी येता येता मी तिला इचारत गेलो, ती सांगत गेली. कामटी ते कामटी एक वीत, उंची दोन बोटं, उतार चार बोटं. घरी आल्यावर वहीत लिवलं. सोमवारी साहेबाला दाखवलं. साहेब म्हनला, कुठून आणलं रं? मी म्हनलो, साहेब, मला सुचलं.

एवढंच. तोंडातून 'मला' गेलं. 'घरी' म्हनायचं व्हतं, 'मंडळी' म्हनायचं व्हतं. 'मला' गेलं.

तू साहेबावर संशय घेती. साहेबानं दोनदा इचारलं, "कडुबा, खरंच तुझं ना हे?" त्याला वास आलता. मी दोन्ही टायमाला व्हय म्हनलो. तो म्हनला, "मग फोरमन तू. पण बाहेर नाव कंपनीचं." त्यानं माझं घेतलं असंल, तर मी दिलं म्हून घेतलं. मी तिचं घेतलं ते तिनं न देता.

पुढं ऐक. पहिल्या पिंपात पट्ट्या मी माझ्या वितीनं लावल्या. अद्रक तुटून चुरा झाला. साहेबानं तो चुरा मुठीत घेऊन बघितला. घरी आलो, पण तिला इचारायची लाज वाटली. इचारलं असतं तर तिला समजलं असतं कारखान्यात काय चाललंय. ती चुलीपाशी भाकरी थापीत व्हती. उठताना तिचा पिठाचा हात शहाबादी फरशीवर टेकला, पाची बोटांचा ठसा उमटला. ती पाण्याला गेली तसं मी खिशातली फूटपट्टी काढली. सव्वासात इंच. पट्टी उचलली आन ठसा पायानं पुसला.

तिला यातलं काय बी ठावं नाय. तिला वाटतं कारखान्यानं आपलं आपलं यंत्र काढलं. सांगू नको. या वयात तिच्या नजरंतून उतरलो तर जाऊ कुठं? हे पत्र फाडून टाक. उत्तर दिलंस तर विहारात धम्मपालच्या पत्त्यावर दे, घरी नको.

कडुबा

---

छत्रपती संभाजीनगर
१९ ऑक्टोबर

मामा,

पत्र फाडलं नाही. तुमच्या परवानगीशिवाय छापणारही नाही. आणि हे उत्तर घरच्याच पत्त्यावर टाकतेय. कुणाला उघडायचं ते उघडू दे. मी कंटाळले लपाछपीला.

मी काय लिहू? सर्जेरावसाहेबांवर दोन महिने दात ओठ खात होते, आणि चोर निघाला माझ्या घरचा. माझा मामा. मला पाढे शिकवणारा, बाबासाहेबांची पुस्तकं आणून देणारा, "पोरी, आपलं हक्काचं कुणी घेतलं तर गप बसू नको" म्हणणारा. कुणाचं हक्काचं, मामा? फक्त बाहेरच्यांनी घेतलं तरच बोलायचं का? रडले मी. तुमच्यावर राग आहे म्हणून आणि तुमची कीव येते म्हणूनही.

तनुजाताईला नाव न घेता विचारलं की आबांचं यंत्र दुसऱ्याचं निघालं तर? ती उठून खिडकीपाशी गेली. म्हणाली, "वडील खोटे ठरले तर सोसेन. छापलेलं खोटं ठरायला नको. पण ऐकीव नको. ज्यानं तो कागद पहिल्या दिवशी आणला, त्याच्या हातचं लिहिलेलं दे. पंधरा नोव्हेंबरपर्यंत. नाहीतर शंभर प्रयोगच छापू." मी तिच्यावर उगाच संशय घेतला. ती खरंच शोधत होती.

तेव्हा मामा, मामीचं यंत्र मामीला द्यायचं की नाही, ते तुमच्या चार ओळींवर आहे. पण आधी तिला सांगा. पुस्तकातून तिला कळलं तर मी तुमच्या घरची पायरी चढणार नाही.

मेघा

---

फुलंब्री
२९ ऑक्टोबर

मेघा बाईस केसरमामीचा जयभीम.

अक्षर वाकडं हाय. बोटं वाकत नाहीत म्हणून पेन मुठीत धरलाय. समजून घे.

राजूवर कुणी आळ घेऊ नका. पत्रं मी उघडते. पोस्टमन माझ्याच हाती देतो. तुझ्या मामाची पाकिटं वाळायला रेडिओखाली ठेवलेली असतात, तीबी मीच उघडते. खळ मीच करून देते त्यायला. पातळ केली की पाकीट चुटकन सुटतं. चौथीचं वाचायला इसरत नसतं कुणी. त्यायला वाटतं मला येत नाय, कारण कधी इचारलंच नाय.

पोस्टात बसून लिहिलेलं तेवढं मला नाही घावलं. पण तुझं उत्तर वाचलं. 'मामीचं यंत्र' असं तू लिहिलंस, तिथं मी जरा थांबले. चुलीवरचं दूध उतू गेलं.

मला कळलं नाय असं त्यायला वाटतं. अगं, यांचं यंत्र मोडलंय हे मला कारखान्यातल्या समद्या बाप्यायच्या बायकांनी सांगितलं व्हतं. अद्रकाचा चुरा झाला म्हनल्या. मला तवाच कळलं, वीत चुकली. घरी आले तर तोंड एवढंसं करून बसले. इचारतील म्हणून वाट बघितली. इचारीनात. मग मीच भाकरीवरून उठताना हात टेकवला. तूच सांग, भाकरी थापणारी बाई फरशीवर पाची बोटं ताणून हात कशाला दाबंल? पीठ पुन्हा लावून दाबला व्हता. म्हटलं, निदान माप तरी बरोबर जाऊ दे. नायतर अद्रक मोडंल आन यांची नोकरी जाईल. आन हौदातल्या बायांचे हात तसेच चिरत राहतील. पाण्याला गेले ते बी मुद्दाम गेले.

मी माप दिलं. नाव दिलं नव्हतं. नाव ते मला परत आणून देतील असं वाटलं. शाल आणली. मी म्हटलं, कशाची? म्हनले, कामाची. म्हटलं बरं. शेळीला घातली. त्या रात्री मी जेवले नाय, ते बी त्यायला कळलं नाय.

खालच्या कागदावर मी माझा हात ठेवून पेनानं काढलाय. मोजून बघ. मी मोजला, पावणेसात भरतो. अद्रकानं बोटं आखडली. म्हंजे तुमच्या बाईसाहेबाला हा हात पुरावा म्हणून चालायचा नाय. माझा खरा हात आता त्या यंत्रातच राह्यलाय. आन तो मी अजून बघितला नाय. अठ्ठावीस वर्षं झाली, फुलंब्रीवरून कारखाना काय लांब हाय? पण मला कुणी ने म्हनलं नाय.

तुझं पत्र त्यायला वाचू दिलं. चिकटवलंबी नाय, उघडंच ठेवलं त्यांच्या पुढं. आठ दिस झाले. काल जवळ येऊन बसले. तीनदा खाकरले. मला वाटलं, आता बोलतेत. म्हनले, "शेळीला चारा टाकला का?" म्हटलं, टाकला. उठून गेले.

आता मीच बोलणार. पण त्यायला ऐकू येत नाय, ओरडून बोलावं तर आख्खी गल्ली ऐकंल. म्हणून लिहून इचारते. सकाळच्या चहाच्या बशीखाली कागद ठेवीन. खाली जागा मोकळी सोडीन. काय लिहायचं ते लिहितील, नायतर कोरा राहील. कोरा राह्यला तरी तुला धाडीन.

तुझी,
केसरमामी

---

(तारीख नाही. वहीचं अर्धं पान, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग. पाकिटावर फुलंब्रीचा शिक्का, ६ नोव्हेंबर. पाकीट खळीनं घट्ट चिकटवलेलं.)

राजूचे बाबा,
वीत कुणाची होती?

*(खाली पेन्सिलनं)*

केसर, तुझी. यंत्र बी तुझंच. मी साहेबाला माझं म्हनलो ते खोटं व्हतं. चहा गार झाला, हे लिवायला एवढा येळ लागला. उद्या कारखान्यात चल म्हनलो तर येशील का?
कडुबा

*(त्याखाली, मुठीत धरलेल्या पेनानं)*

येईन.

मेघा, हे पान हाय तसं छाप. साहेबाच्या फोटोच्या आधी.